फावड्यांचा कल

३ ऑक्टोबर

भट्टीला परवानगी मिळाली! साहेब म्हणाले, "पडझड झाली तर तुझ्या अंगावर." म्हटलं, साहेब, मी बांधलेली भट्टी पडत नाही, पाडावी लागते. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. शिक्षेवरच्या माणसाने असं बोलू नये हे कळतं. पण खोटं नम्र होणं मला जमत नाही.

सध्या पाव नदीपलीकडून खेचरगाडीवर येतो, आणि पोचेपर्यंत त्याची वीट होते. परवा आमच्या तुकडीतल्या मास्तरांचा दात हलला. उंच्या म्हणतो, दगड फोडायला हातोडे कशाला देता, पावच द्या.

अटी दोन. थंडी कडक व्हायच्या आत भट्टी चालू झाली पाहिजे, आणि भट्टीवर माणूस एकच — मी. मदतनीस मागितला, तर साहेब म्हणाले, "एक फावडं कमी झालं तेवढं पुरे."

आम्हाला इथे फावड्यांनीच मोजतात. बंदुका काढून घेतल्या, त्या जागी फावडी दिली. संचलनात फावडं खांद्यावर, सलामी फावड्याने, आणि आठवड्याला बंदुकीची व्हायची तशी फावड्याची तपासणी. पात्याला गंज दिसला की संध्याकाळचं जेवण बंद. माझ्या पात्यात बघून दाढी करता येते.

४ ऑक्टोबर

मदतनीस मला माझ्यासाठी नको होता. खिळ्यासाठी हवा होता.

खिळ्या म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. छापखान्यात शिशाचे खिळे जुळवायचा, म्हणून इथे सगळ्यांचा खिळ्या. मी रागात असलो की जावईबापू म्हणतो. तो मला दादाच म्हणतो, मी कसाही असलो तरी.

आम्ही दोघे इथे का, तर रजेवरून परतताना या गृहस्थाने एक पत्रक छापून आणलं — ही लढाई नक्की कुणासाठी चालली आहे, अशा अर्थाचं. बराकीत एकजण ते वाचत होता. अडखळत, भलत्याच जागी थांबत. मला वाईट वाचन ऐकवत नाही. कागद ओढून घेतला आणि सगळ्या बराकीला पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट वाचून दाखवला. शाळेची पायरी मी चढलो नाही, पण वाचतो खणखणीत. चौकशीत विचारलं, हे विचार तुझे का? मी म्हटलं, विचारांचं सांगता येत नाही, छपाईत दोन चुका होत्या, त्या सुधारून वाचल्या. खिळ्याने कपाळाला हात लावला. चुका त्याला अजून मान्य नाहीत.

तर खिळ्याची छाती. आधीच शिशाने अर्धी खाल्लेली, आता वर खाणीतली धूळ. कंपाउंडर मला बाजूला घेऊन म्हणाला, "अजून एक हिवाळा हा खाणीत राहिला, तर पुढचा उन्हाळा बघणार नाही." बाजूला घेतलं तरी खिळ्याने ऐकलंच. म्हणतो, "मग हिवाळाच जरा लांबवा."

निघताना धाकटी स्टेशनावर एवढंच बोलली — "दादा, यांच्याकडे बघ." ती कुठली गोष्ट दोनदा सांगत नाही.

७ ऑक्टोबर

तळ घातला. चिखल नदीच्या वळणावर मिळाला, चांगला. त्याची करंगळीएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळली, तडा गेला नाही. तळाखाली वाळू, वाळूत फुटक्या बाटल्यांची काच, वर विटा, एकमेकींना घासून बसवलेल्या. नखसुद्धा शिरणार नाही.

आमचा हवालदार येऊन उभा राहिला. याचं नाव शिट्टी. तोंडापेक्षा शिट्टीनेच जास्त बोलतो. वेताची काठी कायम काखेत. जेवतानाही काखेत. उंच्याची पैज आहे की झोपतानाही तिथेच असते.

"काच कशाला?"

"ऊब धरून ठेवते."

गेला.

मी भट्टी बांधायला कुणाकडे शिकलो नाही. पोटासाठी फुटक्या भट्ट्या पाडायचं काम करायचो. पाडता पाडता कळत गेलं, कुठली कशाने फुटली. धड भट्टी काही बोलत नाही. फुटकी सगळं सांगते.

८ ऑक्टोबर

पाऊस. माझी ताडपत्री तिच्यावर घातली. ती कोरडी, मी ओला.

११ ऑक्टोबर

घुमट झाला. आधी ओल्या वाळूचा ढीग, तळहाताने गोल केलेला, त्यावर भिजवलेला कागद, त्यावर चिखल. दाराची उंची घुमटाच्या उंचीच्या दोन तृतीयांशाहून किंचित कमी. जास्त केली तर ऊब पळते, फार कमी केली तर धूर घुसमटतो. साहेब म्हणाले, हे मोजलंस कशाने? म्हटलं, वितीने. "वीत कुणाची?" माझी. त्यांना हसू आलं. मला नाही आलं — माझी वीत गेली वीस वर्षं बदललेली नाही.

१३ ऑक्टोबर

दारातून आतली वाळू उकरून काढली. पालथं पडून, हात खांद्यापर्यंत आत घालून. शेवटची मूठ निघाली आणि घुमट उभा! दुसऱ्या कशावर नाही, स्वतःवरच उभा.

आता ती सावकाश वाळायला सोडायची. घाई नाही. रोज मूठभर काटक्यांचा जाळ, दुसऱ्या दिवशी दोन मुठी. आठ-दहा दिवस तरी. ओला चिखल भडक्यात सापडला की आतलं पाणी वाट फोडून बाहेर येतं.

संध्याकाळी तिच्याजवळ नुसता बसून राहिलो. बरं वाटलं.

१४ ऑक्टोबर

भट्टी उद्याच पूर्ण पेटवायची असा ठराव झाला. मतदानाने!

आमच्याकडे सगळं मतदानाने चालतं. सभा घ्यायला बंदी, हात वर करायला बंदी, चौघांनी एकत्र उभं राहायला बंदी. म्हणून मास्तरांनी काढलेली युक्ती. खाणीतून रस्त्यापर्यंत दगड हातोहात जातात, त्या दगडाबरोबर प्रश्नही हातोहात जातो. दुपारच्या सुट्टीत नियमाप्रमाणे सगळ्यांनी आपापली फावडी रस्त्याकडेला ओळीने मातीत रोवायची. दांडा डोंगराकडे झुकला तर हो, नदीकडे झुकला तर नाही. सरळ म्हणजे मत नाही — ते मास्तरांना खपत नाही. आडोशाला जायच्या निमित्ताने मास्तर ओळीवरून चालतात आणि कल पाहून येतात. शिट्टीही रोज त्याच ओळीवरून जातो. त्याला काय कळणार! दमलेली माणसं, कशीही खोचतात.

या पद्धतीने आम्ही पांघरुणं वाटली, भांडणं मिटवली. चांगली पद्धत आहे. पण भट्टी?

सगळे दांडे डोंगराकडे. भुकेला ताज्या पावाचा वास आधीच येतो. नदीकडे माझा एकच. म्हटलं, निदान खिळ्याचा तरी — पाहिलं तर या गृहस्थाचा दांडा डोंगराला टेकेल इतका झुकलेला.

"जावईबापू, तुम्हीसुद्धा?"

"दादा, नात्याने मत द्यायचं असतं तर इतका खटाटोप कशाला केला असता?"

१५ ऑक्टोबर

पेटवली. मी पेटवली नाही, उभा राहून पाहिलं. दोन लाकडं नीट धरतात न धरतात तोच टक्‌ असा आवाज. दारापासून माथ्यापर्यंत तडा, बोट जाईल एवढा.

मी बोललो. "चिखल उन्हाने वाळतो, वाऱ्याने वाळतो. मतांनी वाळत नाही."

१६ ऑक्टोबर

खिळ्या दोनदा येऊन गेला. दुसऱ्यांदा खोकला दाबत उभा होता. मी पाहिलं नाही. म्हणजे पाहिलं.

१७ ऑक्टोबर

मास्तर आले. वाटलं माफी मागतील. तर म्हणतात, "बहुमत चुकलं, उस्ताद. पण चुकलं ते आपलंच ना? साहेबाचा बरोबर हुकूम आणि आपली चूक, यात मला आपली चूक बरी वाटते."

"मास्तर, तुमच्या त्या बऱ्या चुकीत बोट जातं माझं."

"मग बुजवू या. सांगा कसं."

आणि खरंच, दुपारच्या सुट्टीत सगळे आले. दोघे-दोघे, नियमात बसेल असे. पायाने चिखल तुडवला, भुसा मिसळला. तडा पाचरीसारखा कोरून घेतला, ओला केला, भरला, वर सगळ्या घुमटावर नवा थर. उंच्याला माथा घोटायला लावलं. त्याच्या उंचीचा पहिल्यांदाच कुणाला उपयोग झाला. खिळ्याने तड्याच्या कडा अशा घोटल्या की कुठे होता ते मलाही शोधावं लागलं. बोटं चांगली आहेत त्याची. बोललो नाही तसं.

१९ ऑक्टोबर

नवा ठराव — भट्टीच्या बाबतीत मतदान नाही, उस्ताद सांगेल तेच. मंजूर. नदीकडे एकच दांडा. मास्तरांचा.

"तत्त्वाचा प्रश्न आहे, उस्ताद. तुमच्याबद्दल काही नाही."

राग यायला हवा होता. आला नाही. मजा वाटली.

२९ ऑक्टोबर

पाव!

पहाटेपासून पेटवली. घुमट आतून आधी काळा होतो, मग काजळी जळून पांढरा पडतो. पांढरा पडला की भट्टी तयार. राख ओढली, ओल्या फडक्याने तळ पुसला, चिमूटभर पीठ टाकून पाहिलं. तांबूस झालं, काळं नाही. मग पाव सारले, दार लावलं. तडा हलला नाही.

साहेब स्वतः आले. उभ्या उभ्या अर्धा पाव खाल्ला, म्हणाले नदीपलीकडच्या तोफखान्यालाही इथलाच पाव जाईल. शिट्टीने एक पाव उचलला, उलटा केला, बोटाच्या पेराने बुडावर टकटक केलं आणि कानाला लावला. पोकळ आवाज आला की पाव आतून झाला. हे याला कुणी शिकवलं? मग म्हणतो, "मागच्या कोपऱ्यातले जरा जास्त झाले."

झाले होते. मागच्या कोपऱ्यातले.

दुपारी सगळे भट्टीला पाठ लावून बसले, आळीपाळीने. ऊन, ऊब आणि हातात पाव. मास्तर डावीकडून चावत होते. खिळ्याला झोप लागली. झोपेत खोकला नाही आला.

३ नोव्हेंबर

पहिला कडाका. खाणीतले हात बधिर होतात, धूळ मात्र थंडीतही तेवढीच उडते. खिळ्याने खोकून रुमाल पटकन खिशात घातला. जन्मभर छापत आलेल्या माणसाला लपवता फारसं येत नाही.

पुन्हा साहेबांकडे गेलो. मदतनीस नाहीच. "भट्टीवर तू. एकटा. हिवाळाभर." मला बक्षीस दिल्यासारखं सांगितलं.

मग एकच वाट उरते. भट्टीवर खिळ्या, खाणीत मी. फावडी तेवढीच राहतात. साहेब आठवड्यातून एकदा येतात, आणि त्यांना पीठ लागलेली कुठलीही दाढी सारखीच. त्या दिवशी मी भट्टीवर, खिळ्या खाणीत. प्रश्न शिट्टीचा. तो रोज दुपारी पाव न्यायला येतो आणि आम्हाला पाठमोरं ओळखतो. त्याने वर कळवलं तर आम्ही दोघे कोठडीत जाऊच, भट्टीही बंद. परत खेचरगाडीची वीट, सगळ्यांना.

६ नोव्हेंबर

खिळ्याला सांगितलं. म्हणाला, "भट्टी तुमची आहे, दादा." म्हटलं, भट्टी सरकारची, चिखल नदीचा. माझी फक्त वीत.

"आणि तुमची पाठ? हातोडा माझ्यापेक्षा जड असतो."

"माझी पाठ काढू नका. तीस वर्षं भट्ट्या पाडल्यात मी. दगड काही वाईट नाही. तो तरी ठराव करत नाही."

शिकवायला घेतला. दुपारच्या सुट्टीत, सगळे पाठ शेकत असताना. आधी कान: लाकूड कोरडं का ओलं ते आवाजावरून. मग हात: दारात हात धरून सावकाश मोजायचं, कुठल्या आकड्याला सोसवेनासं होतं ते लक्षात ठेवायचं.

८ नोव्हेंबर

खिळ्याने आज पाव स्वतः सारले. इतके ओळीत, इतके घट्ट, की सगळे फुगून एकमेकांना चिकटले आणि एकच लांबलचक पाव बाहेर आला. खिळे जुळवायची सवय!

"ओळ सैल ठेवायची नसते, दादा. सैल ओळ सांडते."

"पाव सांडत नाहीत, जावईबापू. पावाला अंग पसरायला जागा लागते. तुमच्या पत्रकातही जरा सोडली असतीत तर मला दोन चुका सापडल्या नसत्या."

"एक. एकच होती."

सात महिन्यांनी एक कबूल केली! उंच्याने तो लांब पाव कापून वाटला. प्रत्येकाला कडा मिळावी की मध्य, यावर मास्तर मतदान मागत होते. हशा पिकला.

११ नोव्हेंबर

आज खिळ्याचे पाव माझ्यासारखे. जवळजवळ. मागच्या कोपऱ्यातलेसुद्धा जळले नाहीत, कारण त्याने तिथे ठेवलेच नाहीत. हे मला सुचायला हवं होतं.

१२ नोव्हेंबर

मास्तरांना सांगितलं, अदलाबदल करतो आहोत. म्हणाले, "करतो आहोत? पकडलात तर पाव सगळ्यांचा जाणार, म्हणजे प्रश्न सगळ्यांचा. मताला टाकतो."

"भट्टीवर मतदान नाही असा ठराव आहे तुमचा."

"हा भट्टीचा प्रश्न नाही, माणसाचा आहे. आणि त्या ठरावाला मी विरोध केला होता, विसरू नका."

१४ नोव्हेंबर

दगडाबरोबर प्रश्न गेला. परत येताना टोमणाही आला. उंच्याचा — "भट्टी सगळ्यांची, आणि जावई एकट्या उस्तादाचा." कुणीतरी पुढे जोडलं, घरचेच लाड करायचे तर घरी करा.

मला लागलं. संध्याकाळी वाटलं, चूक काय बोलला? मीही तेच बोललो असतो, जास्त चांगल्या शब्दांत. मतदान सोमवारी ठेवलंय. सगळ्यांना विचार करायला वेळ हवा, असं मास्तर म्हणतात. वेळ! आज खिळ्या दुपारी पाठ शेकायलाही चढून आला नाही. खाली दगडावर बसून राहिला. दम पुरला नाही.

१५ नोव्हेंबर

उंच्या भट्टीवर आला. खिळ्याच्या वाटणीचा पाव मागितला, त्याला खाली नेऊन द्यायला. पाव हातात घेऊन उभा राहिला.

"हा तुम्ही केलेला का त्याने?"

"ओळख."

त्याने एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. "नाही ओळखता येत."

"मग झालं तर."

"झालं काय, उस्ताद? शिट्टीचं काय? तो काय पाव खाऊन गप्प बसणार आहे?"

चांगला प्रश्न विचारलेला मला आवडतो, पण इतका चांगला नको होता.

१६ नोव्हेंबर

तपासणी. माझं पातं पहिलं आलं. खिळ्याचं मी घासून दिलं, दुसरं आलं. शिट्टी त्याच्यासमोर जरा थांबला. खोकला ऐकत होता की पातं पाहत होता, सांगता येत नाही.

उद्या मत. माझ्या नात्यातला प्रश्न, तेव्हा मी मत देणं बरोबर नाही. दांडा सरळ ठेवणार. मास्तरांना आवडणार नाही. न आवडो.

१७ नोव्हेंबर

दुपारची सुट्टी. माझा दांडा सरळ. बाजूला उंच्याचा, डोंगराकडे. मग पुढचा. मग पुढचा. खिळ्याचा एकट्याचा नदीकडे — माझ्या पाठीची काळजी, अजून. मास्तर ओळीवरून चालत गेले आणि टोकाला पोचून तिथेच उभे राहिले. वळेनात. मी गेलो.

शेवटच्या फावड्यापलीकडे, त्याच रांगेत, मातीत रोवलेली वेताची काठी. डोंगराकडे झुकलेली.

शिट्टी नदीकडे तोंड करून उभा होता. काख रिकामी. सुट्टी केव्हाच संपली होती. थोड्या वेळाने आला, काठी उपटली, तपासणीत पुसतात तशी टोकाची माती पुसली, काखेत घातली. मग शिट्टी वाजवली.